निळ्या गोळीचा धडा : शालेय आरोग्य, समन्याय आणि शिक्षकांचे शिक्षक



मध्य प्रदेशातल्या धार आणि देवास यांची नावे मराठी मनाला नवी नाहीत. पवारांच्या गाद्या, देवासच्या टेकडीवरची तुळजाभवानी आणि चामुंडा, क्षयाने खंगलेल्या कुमार गंधर्वांना १९४८ साली जवळ करणारी माळव्याची कोरडी हवा, या साऱ्यांतून हा मुलूख आपल्या ओळखीचा झाला आहे. आज या स्मृतिव्याख्यानासाठी मी तोच मुलूख निवडला आहे, पण विषय त्याच्या इतिहासाचा नाही. इथल्या सरकारी शाळेच्या वर्गात आज बसलेल्या मुलाच्या शरीराचा तो आहे, आणि त्या शरीराविषयी शिक्षकाला काय कळते, त्याला ते कोणी शिकवले, आणि शिकवणाऱ्याला कोणी शिकवले, याचा आहे. माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. शालेय आरोग्य शिक्षणाचे आपले सगळे प्रयत्न शाळेतल्या शिक्षकापाशी सुरू होतात आणि तिथेच थकतात. त्या शिक्षकाला घडवणारा महाविद्यालयातला आणि विद्यापीठातला प्राध्यापक या प्रयत्नांच्या बाहेर राहिला आहे. त्याला या कामात आणल्याशिवाय, आणि तेही जिल्ह्यातल्या शाळेत नेऊन शिकवल्याशिवाय, आरोग्याचा धडा गरीब मुलाच्या कामी येणार नाही.

आधी एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. मी समता हा शब्द टाळून समन्याय हा शब्द वापरणार आहे. मराठी वाचकाला तो पाण्यामुळे ठाऊक आहे. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावी पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. पाणी जमिनीच्या प्रमाणात वाटायचे नाही, घरातल्या माणसांच्या प्रमाणात वाटायचे, हे त्याचे सूत्र होते. पुढे ‘समन्यायी पाणीवाटप’ हा शब्दप्रयोग चळवळींच्या आणि कायद्याच्या भाषेत रुळला. प्रत्येकाला सारखे देणे वेगळे आणि ज्याची त्याची गरज पाहून देणे वेगळे, हा भेद मराठी शेतकऱ्याला व्याख्या करून सांगावा लागला नाही. वर्गातल्या आरोग्याला तोच भेद लावून पाहिला की आपण न्याय समजून किती ठिकाणी नुसता सारखेपणा वाटत आलो आहोत, ते दिसू लागते.

एक अगदी लहान वस्तू हातात घेऊन पाहू. साखरेचे कवच असलेली निळी गोळी. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना ती आठवड्यातून एकदा शाळेत द्यायची असते; त्याहून लहानांना गुलाबी गोळी. तिची गरज किती मोठी आहे ते आकडे सांगतात. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला, मुलग्यांत हे प्रमाण ३१.१ टक्के होते. मध्य प्रदेशातल्या पाच वर्षांखालच्या बालकांत ते ७२.७ टक्के होते. तीच बालके आज शाळेच्या पायऱ्या चढत आहेत. गोळी स्वस्त आहे, परिणामकारक आहे, सरकार ती पुरवते. मग अडते कुठे? गोळी घेतल्यावर एखाद्या मुलीला मळमळते, शौचाला काळे होते, घरचे घाबरतात, आणि पुढच्या आठवड्यात ती गोळी ओढणीच्या टोकाला बांधून नेऊन वाटेत टाकून दिली जाते. काळा रंग लोहाचा आहे, त्यात भिण्यासारखे काही नाही. गोळी जेवणानंतर घ्यावी, चहाबरोबर घेऊ नये, लिंबू किंवा आवळा सोबत असला तर लोह अधिक शोषले जाते. एवढे चार शब्द समजावणारा माणूस वर्गात हवा असतो. शिक्षकाला नोंदवहीत भरायची संख्या दिली गेली. समजावण्याचे ज्ञान त्याच्या हाती क्वचितच पोचले.

धारच्या वर्गात हीच गोळी आणखी अवघड होते. २०११च्या जनगणनेनुसार धार जिल्ह्यातली ५५.९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे, मुख्यतः भिल्ल आणि भिलाला समाजाची. देवासमध्ये हे प्रमाण १७.४ टक्के आहे, आणि तेही बागलीसारख्या दक्षिणेकडच्या तहसिलीत एकवटलेले. या पट्ट्यात सिकलसेलचा आजार आढळतो. रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मुलाला हाडे पिळवटणाऱ्या वेदना होतात. अशा मुलाचाही रक्तक्षय डोळ्यांत दिसतो, पण त्याचे कारण लोहाची कमतरता असेलच असे नाही. थॅलेसेमिया असलेल्या किंवा वारंवार रक्त चढवाव्या लागणाऱ्या मुलाला ही प्रतिबंधक लोहगोळी देऊ नये, असे राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाच सांगतात. म्हणजे रांगेतल्या चाळीस मुलांना एकच गोळी देणाऱ्या शिक्षकाला, त्यातल्या एखाद्याला ती का द्यायची नाही, हे कळायला हवे. आणि ते चारचौघांत त्या मुलाकडे बोट न दाखवता सांभाळायला हवे. १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७पर्यंत निर्मूलन असे त्याचे उद्दिष्ट आहे. तपासणीनंतर हाती कार्ड येते. पण कार्ड म्हणजे काय, वाहक असणे आणि आजारी असणे यांत फरक कोणता, दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल जन्मण्याची शक्यता चारात एक कशी, आणि वाहक मुलीला कसलाही कलंक का लागत नाही, हे कार्डावर छापून भागत नाही. हा जीवशास्त्राचा धडा आहे, आणि तो शिकवणारा शिक्षक कुठल्या तरी महाविद्यालयातून शिकून आलेला असतो.

सिकलसेल असलेल्या मुलाला वेदनेपासून दूर ठेवण्याचे मार्ग साधे आहेत. भरपूर पाणी, थंडीपासून जपणूक, दमछाक होईल इतके धावायला न लावणे. अशा मुलाला लघवीलाही वारंवार जावे लागते. आता शाळेचे नेहमीचे नियम पाहा. तास चालू असताना कोणी पाण्याला उठायचे नाही. लघवीला मधल्या सुट्टीतच जायचे. उशिरा येणाऱ्याने मैदानाला तीन फेऱ्या मारायच्या. हे नियम सगळ्यांना सारखे आहेत, म्हणून न्याय्य वाटतात. सिकलसेलच्या मुलाला मात्र त्यांतला प्रत्येक नियम आजाराकडे ढकलतो. सारखेपणा आणि समन्याय यांतले अंतर समजावायला याहून जवळचे उदाहरण मला सापडत नाही. आणि हे अंतर भरून काढायला पैसा लागत नाही. लागते ते एका माणसाचे जाणतेपण.

पाण्याचे नाव निघालेच आहे तर धारच्या पाण्याकडे वळू. देवास शहराला १९९०च्या सुमारास रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पाणी नाही, हे तिथले संकट होते. धारच्या अनेक गावांत संकट वेगळे आहे. पाणी आहे, पण भूजलात फ्लोराइड आहे. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असलेले पाणी लहानपणी वर्षानुवर्षे पोटात गेले, तर दातांवर आधी खडूसारखे पांढरे, मग पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात, आणि प्रमाण फार असेल तर पुढे हाडे आणि सांधे आखडतात. शाळेत सकाळी स्वच्छतेची तपासणी होते. नखे दाखवा, केस दाखवा, दात दाखवा. पिवळे पट्टे असलेल्या मुलाला सांगितले जाते, नीट घासत जा. ते डाग घासून जाणारे नाहीत. दात हिरडीच्या आत तयार होत होते तेव्हाच ते पडलेले असतात. पाण्याचा दोष मुलाच्या आळसावर टाकला जातो, आणि हे करणारा शिक्षक दुष्ट नसतो, त्याला माहीत नसते. पुस्तकातला दुसरा धडा सांगतो, पाणी उकळून प्या. जंतूंसाठी ते बरोबर आहे. फ्लोराइड उकळल्याने जात नाही. पाणी आटून उलट त्याचे प्रमाण किंचित वाढते. राज्यभरासाठी छापलेला धडा राज्यापुरता खरा असतो आणि एका गावात चुकतो. नागपूरच्या नीरी संस्थेने युनिसेफबरोबर धार आणि झाबुआ भागात जे काम केले, त्यात पाणी बदलण्यासोबत आहारही धरला होता, कारण कॅल्शियम आणि क जीवनसत्त्व पुरेसे मिळाले तर फ्लोराइडचा त्रास कमी होतो. आपल्याकडे पावसाळ्यात उगवणारा टाकळा, तिकडचा चकोडा, या कामात उपयोगी ठरणारी भाजी आहे. रानात फुकट मिळणाऱ्या या पाल्याचे मोल वर्गात सांगता आले, तर मुलाच्या आईचे ज्ञानही शाळेत मानाने येऊन बसते. आणि हे सगळे एकत्र करून पाहा. सिकलसेलच्या मुलाला भरपूर पाणी पी म्हणायचे, आणि गावचा हातपंप फ्लोराइडचा. दोन सूचना एकमेकींना छेदतात. वेगवेगळ्या खात्यांच्या वेगवेगळ्या पत्रकांत हा छेद कधीच दिसत नाही. तो दिसतो फक्त त्या मुलाच्या ठिकाणी उभे राहून पाहणाऱ्याला.

शाळेने आरोग्याकडे पाहावे हा विचार काही आजचा नाही. भारतात शाळेतल्या मुलांची पहिली वैद्यकीय तपासणी १९०९ साली बडोदा शहरात झाली, सयाजीरावांच्या कारकिर्दीत. १९४६च्या भोर समितीने नोंदवले की देशात शालेय आरोग्यसेवा जवळजवळ अस्तित्वातच नाही. १९६०मध्ये रेणुका रे यांच्या अध्यक्षतेखाली शालेय आरोग्य समिती नेमली गेली. फेब्रुवारी २०१३मध्ये आपल्या पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. १२ फेब्रुवारी २०२० रोजी आयुष्मान भारताखाली शालेय आरोग्य व स्वास्थ्य कार्यक्रम आला, आणि त्याने शिक्षकाला मध्यभागी आणले. प्रत्येक शाळेत दोन शिक्षक, शक्यतो एक पुरुष आणि एक स्त्री, आरोग्यदूत म्हणून नेमायचे; त्यांनी अकरा विषय आठवड्याला एक तास याप्रमाणे शिकवायचे. पोषण, मानसिक स्वास्थ्य, लिंगसमभाव, व्यसन, हिंसेपासून सुरक्षितता, इंटरनेटचा जपून वापर असे हे विषय आहेत. मध्य प्रदेशात हा कार्यक्रम ‘उमंग’ या नावाने चालतो. आराखडा चांगला आहे, हे मी मोकळेपणाने म्हणतो. दोष त्याच्या वाहिनीत आहे. राष्ट्रीय पातळीवर काही जण शिकतात, ते राज्याच्या लोकांना शिकवतात, ते जिल्ह्याच्या, आणि जिल्ह्याचे शाळेच्या शिक्षकाला काही दिवसांत शिकवतात. कालव्याचे पाणी जसे शेवटच्या चारीपर्यंत जाताना झिरपून आणि आटून जाते, तसे हे ज्ञान टोकाला पोचेपर्यंत आटते. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या टोकाच्या, शेतकऱ्याला काय मिळते ते आपल्याला ठाऊक आहे. आणि टेलला कोण आहे? कुक्षी-डहीचा, गंधवानीचा, बागलीचा शिक्षक, म्हणजे ज्याच्या वर्गात गरज सर्वांत मोठी आहे तोच.

या वाहिनीत एक जागा रिकामी आहे. धारची महाविद्यालये इंदूरच्या देवी अहिल्या विश्वविद्यालयाशी जोडलेली आहेत, देवासची उज्जैनच्या सम्राट विक्रमादित्य (पूर्वीच्या विक्रम) विश्वविद्यालयाशी. शाळेत जाणारा प्रत्येक नवा पदवीधर शिक्षक या किंवा अशाच विद्यापीठांच्या बी.एड. महाविद्यालयांतून येतो, विज्ञान शिकवणारा रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाकडून, समाजशास्त्र शिकवणारा त्या विषयाच्या प्राध्यापकाकडून शिकून येतो. २०१४च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे झाले. लिंगभाव, शाळा आणि समाज असा विषय त्यात आला, समावेशक शाळा हाही आला. आरोग्य मात्र ऐच्छिक विषयांच्या रांगेत राहिले. प्राथमिक शिक्षकांच्या डी.एल.एड.च्या आदर्श अभ्यासक्रमात मुलांच्या शारीरिक-भावनिक आरोग्याचा स्वतंत्र विषय आहे, पण तो शिकवणाऱ्यांची तयारी कुठे होते? प्राध्यापकांच्या प्रशिक्षणाकडे पाहा. १९८६च्या शिक्षण धोरणानंतर अकॅडमिक स्टाफ कॉलेजे निघाली, त्यांचीच पुढची आवृत्ती म्हणजे २०२३ला सुरू झालेला मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रम. त्याचे आठ विषय आहेत : समग्र आणि बहुविद्याशाखीय शिक्षण, भारतीय ज्ञानपरंपरा, शैक्षणिक नेतृत्व, उच्च शिक्षण आणि समाज, संशोधन, कौशल्यविकास, विद्यार्थ्यांची विविधता आणि समावेशन, माहिती तंत्रज्ञान. यातला एकही विषय अनावश्यक नाही. मात्र शाळेतल्या मुलाचे आरोग्य या आठांत कुठेही नावानिशी नाही. शिक्षकाला घडवणारा माणूस स्वतः न शिकता शिकवत राहतो, आणि दरवर्षी नव्या शिक्षकांना तीच उणीव वारशाने मिळते. सेवेत असलेल्या शिक्षकाला पाच दिवस शिकवणे म्हणजे गळती लागलेल्या हौदात वरून घागरी ओतणे आहे. गळती आधी बुजवली पाहिजे.

प्राध्यापकाला शाळेत नेऊन शिकवता येते, याचा दाखला या प्रदेशातच आहे. १९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत विज्ञानशिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. दिल्ली विद्यापीठाचे आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ-प्राध्यापक गावच्या शिक्षकांबरोबर जमिनीवर बसून प्रयोग करू लागले. दिल्ली विद्यापीठाच्या प्राध्यापकांना या कामासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने फेलोशिप दिल्या. १९७८मध्ये कार्यक्रम सगळ्या जिल्ह्यात गेला, १९८२मध्ये एकलव्य संस्था स्थापन झाली, आणि देवास, उज्जैन, धार या बाजूंना काम पसरले. शिक्षकांचे प्रशिक्षण उन्हाळ्यात तीन-तीन आठवड्यांचे, लागोपाठ तीन वर्षे चाले. मधल्या काळात दर महिन्याला बैठक होई, शाळांना भेटी दिल्या जात. ‘सवालीराम’ नावाच्या काल्पनिक मित्राला मुले प्रश्न लिहून पाठवत, आणि त्यांची उत्तरे दिली जात. या कार्यक्रमाचा गाभा माझ्या मते एवढाच होता : प्राध्यापकाने आपले ज्ञान शाळेच्या वर्गात तपासून घ्यायचे, तिथे ते तोकडे पडले की पुन्हा शिकायचे. ‘बाल वैज्ञानिक’ ही पुस्तके अशा तपासणीतून घडली. मुलींच्या पाळीविषयी आणि वयात येण्याविषयी ‘बेटी करे सवाल’ हे पुस्तकही एकलव्यनेच काढले. पुण्याच्या मराठी ‘शैक्षणिक संदर्भ’ या द्वैमासिकाच्या मागेही याच परंपरेची प्रेरणा आहे. विज्ञानाला जे जमले ते आरोग्याला जमू नये असे काही कारण नाही. उलट आरोग्याची प्रयोगशाळा प्रत्येक मुलाने अंगावर वागवलेली असते.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जाईल की आरोग्य हे डॉक्टरांचे काम, प्राध्यापकांनी त्यात पडू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे फिरते पथक, दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता, शाळेत वर्षातून एकदा येते. कायद्याने उच्च प्राथमिक शाळा वर्षात २२० दिवस भरली पाहिजे. म्हणजे एक दिवस डॉक्टरचा आणि उरलेले दोनशे एकोणीस दिवस शिक्षकाचे. निदान आणि उपचार डॉक्टरनेच करावेत, त्यात शिक्षकाने हात घालू नये, हे मलाही मान्य आहे. पण मुलाला वर्गात कसे बसवायचे, कोणता नियम त्याच्यासाठी सैल करायचा, घरच्यांची भीती कशी घालवायची, हा शिक्षणाचा प्रश्न आहे. कुमार गंधर्व माळव्याच्या हवेसाठी देवासला आले, पण नुसत्या हवेने ते बरे झाले नाहीत. स्ट्रेप्टोमायसिन मिळाले, वर्षांची विश्रांती मिळाली, घरच्यांची समजूतदार शुश्रूषा मिळाली, तेव्हा तो आवाज परत आला. औषध एका बाजूला आणि समज दुसऱ्या बाजूला असली की माणूस वाचत नाही. शाळेत ती समज पुरवण्याचे काम शिक्षणाचे आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शाळेत पाणी नाही, स्वच्छतागृहाला कडी नाही, अशा ठिकाणी प्राध्यापकांच्या प्रशिक्षणावर पैसा घालायचा कशाला? हा आक्षेप घेणाऱ्यांची तळमळ खरी आहे, आणि पाणी की प्रशिक्षण असा पर्याय समोर आला तर मीही पाणीच निवडीन. पण असा पर्याय प्रत्यक्षात येत नाही. हातपंपाच्या पाण्यात फ्लोराइड आहे की नाही, ते तपासून लेखी मागणी करणारा माणूस नसेल तर सुरक्षित पाण्याची योजना त्या शाळेच्या वाट्याला शेवटी येते. ज्या गावाच्या बाजूने बोलणारे कोणी असते, तिथे पाइप आधी पोचतो. आणि धार, झाबुआ, अलीराजपूरच्या मजुरांनी गोध्रा-बालासिनोरच्या क्वार्ट्झ दळणाऱ्या कारखान्यांत सिलिकोसिस ओढवून घेतला, तेव्हा त्यांच्या मृत्यूंची मोजदाद आणि नोंद झाली म्हणूनच मानवाधिकार आयोगाने २०१०मध्ये भरपाईची शिफारस केली आणि २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन ती भरपाई मान्य झाली. मोजणे आणि नोंदणे ही न्यायाची पहिली पायरी आहे, आणि मोजायला शिकवणे हे तर विद्यापीठाचे मूळ काम. त्या मजुरांची मुले आज कुठल्या तरी वर्गात आहेत. हंगामाला आईवडिलांबरोबर गुजरातेत गेलेले मूल गोळीच्या दिवशी गैरहजर, तपासणीच्या दिवशी गैरहजर, आणि म्हणून आकड्यांतूनही गैरहजर असते. त्याला शोधायला शिकवणे हा समन्यायाचा पहिला स्वाध्याय ठरावा.

तिसरा आक्षेप संस्कृतीच्या नावाने येतो : वयात येण्याचे, पाळीचे, शरीराचे विषय शाळेत नकोत. २००७मध्ये मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी किशोरावस्था शिक्षण कार्यक्रम थांबवला, तो याच विरोधापुढे. पालकांची काळजी खोटी नसते. तिला उत्तर देणारा, गावाच्या भाषेत बोलणारा आणि विषय जाणणारा माणूस समोर नसतो, तेव्हा ती विरोधात बदलते. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी ‘तारुण्यभान’ हा उपक्रम आदर आणि शास्त्र दोन्ही राखून चालवला आहे. तरुण मुलामुलींशी शरीराविषयी मोकळेपणाने, तरीही मर्यादा सांभाळून बोलता येते, हे त्याने दाखवले. ते बोलणे आयत्या वेळी जमत नाही, त्याचा सराव लागतो. भाषेचा प्रश्नही याच ठिकाणी येतो. धारच्या मुलाच्या घरी भिली, भिलाली, निमाडी किंवा माळवी बोलली जाते. पुस्तकातली हिंदी त्याच्या दुखण्याला नाव देत नाही. प्राध्यापकाने आजारांची, वेदनांची, पानाफुलांची स्थानिक नावे गोळा केली, तर मुलगी आपले दुखणे आपल्या शब्दांत सांगू शकेल. दुखणे सांगता येणे हाच उपचाराचा आरंभ आहे.

चौथा आक्षेप होशंगाबादच्या प्रयोगाचाच दाखला देऊन घेता येईल : तो एक हजाराहून अधिक शाळांत आणि पंधरा जिल्ह्यांत पोचला, तरी २००२मध्ये सरकारने तो बंद केला, मग तीच वाट पुन्हा का धरायची? माझे उत्तर असे की त्याच्या बंद पडण्यातच शिकण्यासारखे सर्वांत जास्त आहे. त्यात आलेले प्राध्यापक बहुतांशी स्वतःच्या ओढीने आले. इथल्या विद्यापीठांनी हे काम आपले मानले नाही. ज्या कामाला विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात, बढतीत आणि अंदाजपत्रकात जागा नसते, ते एका आदेशाने थांबवता येते. म्हणून आता हे काम प्राध्यापकांच्या चांगुलपणावर सोडू नये, त्यांच्या कर्तव्यात मांडावे. प्राध्यापकांवर आधीच कामाचा भार आहे हे खरे. पण उजळणी वर्ग त्यांना बढतीसाठी करावेच लागतात. त्याच दिवसांचा अर्थ बदलायचा आहे.

काय करता येईल ते नेमके सांगतो. प्राध्यापकांच्या दोन आठवड्यांच्या प्रशिक्षणाचे तीन भाग करावेत. पहिले चार दिवस विद्यापीठात, डॉक्टर, आशा कार्यकर्त्या आणि शाळेचे शिक्षक यांच्याबरोबर. पुढचे दिवस एका शाळासमूहात, धारच्या किंवा देवासच्या एखाद्या तहसिलीत. उरलेले दिवस सहा महिन्यांनंतर, पुन्हा त्याच शाळांत, काय बदलले ते पाहायला. विषय वाटून द्यावेत : रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने शाळेच्या पाण्यातले फ्लोराइड मोजावे, गृहविज्ञानाच्या प्राध्यापिकेने मका, ज्वारी आणि टाकळ्याच्या आहाराचा हिशेब मांडावा, समाजशास्त्राच्या प्राध्यापकाने स्थलांतराच्या महिन्यांत कोणती मुले गळतात त्याची यादी करावी, बी.एड.च्या प्राध्यापकाने शाळेचे नियम वाचून कोणता नियम कोणत्या मुलाला जाचतो ते लिहावे. यांतून निघणारे धडे बी.एड.च्या वर्गात जावेत आणि आरोग्य तिथे ऐच्छिक राहू नये. ऑनलाइन व्याख्याने या सगळ्याला पूरक ठरतील, पण पिवळे पट्टे असलेले दात पडद्यावर पाहणे आणि समोर हात तोंडावर धरून हसणाऱ्या मुलीचे दात पाहणे यांत फार अंतर आहे. ते अंतर ओलांडले तरच प्राध्यापकाची भाषा बदलते. आणि यश मोजताना किती जण प्रशिक्षित झाले ही संख्या मोजू नये. त्या शाळांत वर्षाअखेरीस पाण्याला उठायची मुभा आली का, गोळी का घ्यायची हे मुलींना सांगता येते का, डाग असलेल्या मुलाला रागावणे थांबले का, हे मोजावे.

१७ सप्टेंबर २०२५ रोजी धार जिल्ह्यातूनच ‘स्वस्थ नारी, सशक्त परिवार’ या देशव्यापी अभियानाची सुरुवात झाली. या मातीतून अभियाने सुरू होतात, तपासण्या होतात, कार्डे निघतात, गोळ्या येतात. हे सगळे लागतेच. पण अभियान संपल्यावरच्या सोमवारी कुक्षीच्या किंवा बागलीच्या वर्गात एक शिक्षिका निळ्या गोळ्यांची पट्टी हातात घेऊन उभी असेल. समोरच्या चाळीस मुलांतल्या एकाला ती गोळी द्यायची नाही, एकीला तिची भीती वाटते, एक जण गुजरातेतून कालच परतला आहे आणि एकाची भाषा तिला येत नाही. त्या क्षणी तिला जे सुचेल, ते तिने कधी तरी कोणाकडून तरी शिकलेले असेल. ते शिकवणारा माणूस आपल्या विद्यापीठांत तयार करणे आपल्या हातात आहे. नायगावच्या शेतकऱ्यांनी पाण्याच्या वाट्याचा हिशेब माणसे मोजून केला. आपणही आपल्या ज्ञानाच्या वाट्याचा हिशेब त्या वर्गातली मुले मोजून करू, एवढीच विनंती या व्याख्यानमालेच्या निमित्ताने मी आपल्याला करतो.